बाजाची पेटी, बावीस श्रुति आणि कानाची साक्ष

महाराष्ट्रांत जेथें जेथें गाणें आहे तेथें तेथें बाजाची पेटी आहे. कीर्तनकाराच्या मागें ती आहे, भजनी मंडळाच्या मध्यभागीं ती आहे, आणि गाण्याच्या शिकवणीस बसलेल्या मुलीच्या पुढ्यांतही तीच आहे. असें असतां याच वाद्यास ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून आपल्या दाराबाहेर काढलें, व ही बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. मधल्या एकतीस वर्षांत परकी सत्ता गेली, स्वराज्य आलें, घटना झाली, भाषावार राज्यें झालीं. पण पेटीवरील बहिष्कार मात्र जागच्या जागीं राहिला.

एखाद्या वाद्यावर खटला भरावा आणि त्यांत पुरावा म्हणून पदार्थविज्ञानाचीं पुस्तकें हजर करावीं, असा प्रसंग संगीताच्या इतिहासांत विरळा. पेटीवरील मुख्य आरोप असा कीं, तिचे स्वर सृष्टिनियमास धरून नाहींत. ते बेसूर आहेत. आणि त्यांच्या नित्य सहवासानें आमच्या लोकांचा कान बिघडत चालला आहे. बचाव करणारांनींही शास्त्रासच साक्षीला बोलाविलें. कोणी म्हणाले, फरक इतका सूक्ष्म आहे कीं तो कानास कळतच नाहीं. कोणी म्हणाले, सूर चुकले असतील तर ते दुरुस्त करून देतों. या वादाचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसून येतें कीं, शास्त्राची साक्ष दोन्ही पक्षांनीं अर्धीच ऐकली. ती पूर्ण ऐकली असती तर पेटी सर्वस्वी निर्दोष ठरली असती असें नाहीं. परंतु तिचा खरा दोष निराळाच निघाला असता, आणि शिक्षा भलत्या ठिकाणीं झाली नसती. तेंच येथें दाखविण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या वाद्याचें कूळ पाहूं. पेटीचा प्राण म्हणजे पितळेची एक बारीक जीभ. तिचें एक टोक पक्कें बसविलेलें व दुसरें मोकळें असतें. भात्याचा वारा वाहूं लागला म्हणजे ती आपल्या चौकटींत वर-खालीं हलते आणि त्या वाऱ्याचे सारखे तुकडे पाडते. ते तुकडे कानावर आदळले म्हणजे त्यांचाच स्वर होतो. जीभ जितकी आंखूड व टोंकाशीं पातळ, तितका स्वर उंच. ही युक्ति चीन देशांतील शंग नांवाच्या फुंकवाद्यांत फार प्राचीन काळापासून आहे. युरोपांत तिच्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें गाण्याकरितां नव्हे, तर मनुष्याच्या वाणीचें कोडें उलगडण्याकरितां. १७८० च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथील अकादमीनें असा प्रश्न घातला होता कीं, आ, ए, ई, ओ, ऊ हे स्वर यंत्रानें काढून दाखवावे. आणि क्राट्झेनश्टाइन नांवाच्या शास्त्रज्ञानें अशाच जिभा निरनिराळ्या आकारांच्या नळ्यांस जोडून तें पारितोषिक मिळविलें. म्हणजे आज जिच्यावर गळा बिघडविल्याचा आरोप येतो ती पेटी मुळांत गळ्याचीच नक्कल करण्याच्या खटाटोपांतून निघालेल्या शाखेवर वाढली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकाच्या आरंभीं पॅरिस येथील देबें या कारागिरानें या जातीच्या वाद्यास बरेंच पूर्ण स्वरूप देऊन त्याचें 'हार्मोनियम' असें नामकरण केलें.

हें वाद्य हिंदुस्थानांत आलें तें पायपेटीच्या रूपानें. खुर्चीवर बसावें, पायांनीं भाता चालवावा व दोन्ही हातांनीं वाजवावें, अशी तिची रीत. आमच्याकडील गवई बैठकीवर मांडी घालून बसणारा. त्यास ही रीत सोयीची नव्हती. १८८० च्या दशकांत कलकत्त्याच्या द्वारकिन या पेढीचे द्वारकानाथ घोष यांनीं हातपेटी तयार केली. भाता पाठीमागें आला, तो डाव्या हातानें चालविणें शक्य झालें, आणि उजवा हात पट्ट्यांवर मोकळा राहिला. युरोपियन संगीतांत दोन्ही हात स्वरांच्या जुळणीकरितां लागतात. आमच्या गाण्यास एका वेळीं एकच स्वर पुरतो, म्हणून एक हात भात्यास देण्यांत कांहींच नुकसान नव्हतें. परदेशी वस्तु आमच्या बैठकीस इतक्या थोड्या फेरफारानें शोभावी, असें उदाहरण क्वचितच सांपडेल.

महाराष्ट्रांत पेटीस जो मान मिळाला तो मुख्यत्वें रंगभूमीनें दिला. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं शाकुंतल रंगभूमीवर आणलें आणि संगीत नाटकाचा प्रवाह सुरू झाला. मोठ्या नाटकगृहांत शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोंचविणें, नटास अचूक षड्ज देणें, पदाची चाल संभाळणें, या कामांस पेटी व तिची थोरली बहीण ऑर्गन हीं विशेष उपयोगी पडलीं. सारंगी गळ्याच्या अधिक जवळची खरी. परंतु ती शिकण्यास वर्षें लागतात, ती हवामानाप्रमाणें उतरते, आणि त्या काळच्या सभ्य म्हणविणाऱ्या समाजाच्या मनांत तिचा संबंध कलावंतिणींच्या माडीशीं जोडलेला होता. या तिसऱ्या कारणांत सारंगीचा अपराध कांहींच नव्हता. पण पेटीचा प्रसार होण्यास त्याची मदत झाली हें नाकारतां येत नाहीं. १९११ सालीं मानापमानास चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचेच थोर वादक होते, आणि त्यांच्या हातून या वाद्यास जी प्रतिष्ठा लाभली ती त्यापूर्वीं त्यास नव्हती. तथापि त्याच रंगभूमीवर बालगंधर्वांच्या साथीस ऑर्गनच्या जोडीनें कादरबक्षांची सारंगी असे, हेंही विसरतां कामा नये. पेटीनें जें देतां येत नाहीं तें कोणतें, हें त्या काळच्या जाणत्या कानांस ठाऊक होतें. तें त्यांनीं बंदी घालून नव्हे, तर शेजारीं सारंगी बसवून सिद्ध केलें.

आतां आरोपाकडे वळूं. षड्जाचीं सेकंदास २४० कंपनें धरलीं, तर त्याशीं पूर्ण मिळणारा पंचम ३६० कंपनांचा व शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. म्हणजे पंचमाचें प्रमाण तीनास दोन आणि गंधाराचें पांचास चार. परंतु अशा रीतीनें जुळविलेल्या पेटीवर षड्ज बदलून दुसऱ्या पट्टीपासून गावयाचें म्हटलें कीं सगळीं प्रमाणें विस्कटतात. यास्तव युरोपांत सप्तकाचे बारा अगदीं सारखे भाग करण्याची पद्धति रूढ झाली. लागोपाठच्या कोणत्याही दोन पट्ट्यांतील प्रमाण १.०५९४६ इतकें ठेवावयाचें, म्हणजे कोणतीही पट्टी षड्ज मानली तरी चालतें. या सोयीची किंमत म्हणून सप्तकाखेरीज प्रत्येक स्वर थोडाथोडा सरकतो. पंचम ३६० च्या ऐवजीं ३५९.६ होतो, हा फरक नगण्य म्हणतां येईल. गंधार मात्र ३०० च्या ऐवजीं ३०२.४ होतो, म्हणजे स्पष्टपणें चढा. शुद्ध धैवताची गोष्ट तशीच. आणि कोमल गंधार उलट तितकाच उतरा.

सेकंदास अडीच कंपनांच्या या फरकानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर तंबोरा देतो. तंबोऱ्याची खर्जाची तार १२० कंपनांवर लावली असतां ती केवळ १२० चाच नाद देत नाहीं. २४०, ३६०, ४८०, ६०० असे तिचे उपस्वरही तिच्यासवें निघतात. यांपैकीं पांचवा, ६०० चा, तोच गवयांचा सुप्रसिद्ध स्वयंभू गंधार. मनुष्यानें न लावलेला, तारेनें आपण होऊन दिलेला, म्हणून तो स्वयंभू. आतां या तंबोऱ्याबरोबर पेटीचा गंधार वाजवावा. त्याचा वरच्या सप्तकांतील उपस्वर ६०४.८ चा, तंबोऱ्याचा ६०० चा. दोन जवळजवळचे नाद एकत्र झाले म्हणजे त्यांच्या फरकाइतक्या वेळां आवाज फुगतो व ओसरतो. यास पदार्थविज्ञानांत विस्पंद म्हणतात. येथें ते सेकंदास सुमारें पांच पडतात, आणि कानास ती थरथर सहज जाणवते. पंचमाच्या बाबतींत तींच अडीच सेकंदांत एक पडते, म्हणून तेथें कोणाची तक्रार नाहीं. सारांश, आरोप खोटा नव्हता. ज्या घरांत तंबोरा लागलेला आहे त्या घरांत पेटीचा गंधार खटकतोच.

या तंबोऱ्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तारेस ज्या बिंदूपाशीं छेडावें त्या बिंदूवर ज्या उपस्वराचें स्थिर स्थान पडतें तो उपस्वर निघूं नये, असा युरोपियन शास्त्राचा नियम होता. १९२१ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्यास तंबोरा व वीणा तपासून दाखविलें कीं, हा नियम या वाद्यांस लागू पडत नाहीं; न निघावे तेही उपस्वर त्यांत जोरानें निघतात. कारण घोडीचा माथा धारदार नसून रुंद व किंचित् वळणदार असतो, आणि तारेखालीं सरकविलेल्या दोऱ्यामुळें तार त्या माथ्यास क्षणोक्षणीं स्पर्श करीत हलते. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर यासच जवारी काढणें म्हणतात, आणि रामन यांच्या पूर्वींपासून तें काम केवळ कानाच्या भरंवशावर करीत आले आहेत. शास्त्रानें तेथें कारागिरास कांहीं शिकविलें नाहीं; कारागिराच्या कानानें शास्त्रास एक अपवाद दाखवून दिला. या वादांत वारंवार नजरेआड झालेली गोष्ट ती हीच.

पेटीविरुद्धचा पहिला मोठा फिर्यादीही हिंदी नव्हता. जर्मनींतील हेल्महोल्ट्झ यांचा नादशास्त्रावरील प्रख्यात ग्रंथ १८६३ सालीं निघाला. त्यांत त्यांनीं विस्पंदांची उपपत्ति मांडली आणि बारा समान भागांच्या पियानोवर शिकलेले गायक खऱ्या सुरास मुकतात, अशी तक्रारही केली. गंमत अशी कीं, आपलें म्हणणें सिद्ध करण्याकरितां त्यांनीं शुद्ध प्रमाणांत जुळविलेली खास हार्मोनियमच करवून घेतली. कारण या वाद्याचा स्वर अखंड व तीक्ष्ण असल्यामुळें सुरांतील चूक त्यांत लपत नाहीं. म्हणजे पेटी ही बेसुरीपणाची आरोपी होण्यापूर्वीं बेसुरीपणाची परीक्षक होती.

याच मार्गानें आमच्याकडील एक पंडित निघाले. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरताच्या बावीस श्रुति म्हणजे नेमकीं कोणतीं प्रमाणें, हा ध्यास त्यांनीं घेतला. अब्दुल करीम खां यांच्यासारख्या असामान्य सुरेल गवयास त्यांनीं गावयास लावावें, स्वर तारेवर मिळवून पाहावा, तारेची लांबी मोजावी व त्यावरून प्रमाण काढावें, असें त्यांच्या कामाचें स्वरूप होतें. त्यांचें हिंदी स्वरसप्तक व बावीस श्रुति यांवरील इंग्रजी पुस्तक १९१० सालीं पुण्यास प्रसिद्ध झालें. सनदी नोकरींतील न्यायाधीश क्लेमेंट्स हे त्यांस येऊन मिळाले. त्यांचा हिंदी संगीताचा प्रवेशग्रंथ १९१३ चा. उभयतांच्या प्रयत्नानें विलायतेंतील मूर नांवाच्या कारखानदाराकडून श्रुति-हार्मोनियम तयार झाली. तिच्या सप्तकांत बारांऐवजीं श्रुतींचे जादा सूर बसविलेले होते. पेटीचा रोग पेटीनेंच बरा करावयाचा, अशी ही योजना.

या दोघांच्या परिश्रमाबद्दल आम्हांस आदरच वाटतो. पण येथें एक पायरी चुकली, असें आमचें मत आहे. नाट्यशास्त्रांत भरतानें बावीस श्रुति सांगितल्या आहेत आणि षड्जग्रामांत त्यांची वाटणी चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशी केली आहे. परंतु एकाही श्रुतीस त्यानें अपूर्णांकाचें माप दिलेलें नाहीं. त्यानें सांगितला आहे तो प्रयोग आहे. सारख्या दोन वीणा घ्याव्या. एक अचल ठेवावी, दुसरी टप्प्याटप्प्यानें उतरवावी. दुसऱ्या उतरणीस तिचे गंधार व निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळतात. तिसरीस ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत मिळतात. आणि चवथीस षड्ज, मध्यम व पंचम हे अनुक्रमें निषाद, गंधार व मध्यम यांत विलीन होतात. येथें मोजपट्टी कोणती? दोन स्वर एक झाले हें सांगणारा कान. पुढें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें बावीस तारांची वीणा सांगितली. तेथेंही एकीहून दुसरी किंचित् उंच, मध्यें तिसरा नाद बसूं नये, अशीच कानाची खूण आहे. जें शास्त्र कानाच्या साक्षीवर उभारलें होतें त्याच्या अंगावर देवल-क्लेमेंट्स यांनीं अपूर्णांकांचा पोशाख चढविला. पोशाख सुरेख होता. पण तो मूळच्याच अंगाचा आहे, असा त्यांचा आग्रह होता.

मार्च १९१६ मध्यें सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तीत श्रुति-हार्मोनियमचा प्रश्न चर्चेस आला, व जमलेल्या गुणीजनांचें तिनें समाधान झालें नाहीं. परिषदेचे प्रमुख चालक विष्णु नारायण भातखंडे यांचा मार्ग निराळा होता. प्राचीन ग्रंथांतील श्रुति व आजचे राग यांचा सांधा सरळ जुळत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें, आणि आपल्या लेखनपद्धतीस बारा स्वरांचाच आधार घेतला. हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे त्यांचे मराठी खंड १९१० पासून निघूं लागले होते. यावर असें म्हणण्यांत येतें कीं, भातखंड्यांनीं पेटीचेच बारा स्वर शास्त्रांत आणले. हें बरोबर नाहीं. बारा हीं स्वरांचीं नांवें आहेत, स्वरांचीं मापें नव्हेत. कोमल गंधार हें एक नांव. तो दरबारींत कसा झुलतो आणि दुसऱ्या रागांत कसा उभा राहतो, हें गुरुमुखानेंच शिकावें लागतें. नांव व माप यांतील हा भेद दोन्ही पक्षांनीं ओळखला असता तर पुढील पुष्कळ शब्दकलह टळला असता.

तो टळला नाहीं, आणि वाद नभोवाणीच्या दरबारीं गेला. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं नभोवाणीच्या इंग्रजी पत्रांत पेटीवर कडक लेख लिहिला. मुख्य नियंत्रक लायोनेल फील्डेन यांचा कल त्याच बाजूस होता. रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत पेटीस पूर्वींच मज्जाव केला होता. १९४० च्या जानेवारींत त्यांनीं कलकत्ता केंद्रास पत्र लिहून तसाच मज्जाव तेथेंही व्हावा असें सुचविलें. मार्चच्या पहिल्या तारखेस बंदी अमलांत आली. यांत एक विरोध सहज दिसतो. परदेशांतून आलेलें वाद्य हिंदी संगीतास घातक आहे हें ठरविण्यांत परदेशीय अधिकाऱ्यांचा पुढाकार होता. आणि ज्या पेटीवाल्यांनीं आयुष्य त्या संगीतांत घालविलें त्यांचा शब्द निर्णायक ठरला नाहीं. स्वराज्यानंतरही हुकूम तसाच चालला, कारण आतां त्यास स्वदेशीचें तेज चढलें होतें. १९७१ सालीं साथीपुरती वाट मोकळी झाली. एकलवादनावरील निर्बंध त्यानंतरही राहिला.

मध्यंतरीं शास्त्र थांबलें नव्हतें. वस्तुतः त्याची महत्त्वाची साक्ष फार पूर्वींच नोंदली गेली होती. हेल्महोल्ट्झचा ग्रंथ इंग्रजींत आणणारे अलेक्झांडर एलिस यांनीं १८८५ सालीं निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर निबंध वाचला. सप्तकाचे बाराशें भाग करून स्वरांतर मोजण्याची जी सेंटची रीत आज सर्वत्र चालते ती त्यांचीच. तीप्रमाणें शुद्ध प्रमाणाचा गंधार ३८६ सेंटांवर व पेटीचा ४०० वर येतो. स्वतः एलिस यांचा कान सुरास फारसा तयार नव्हता. मोजणीच्या कामीं ते हिपकिन्स या आपल्या स्नेह्याच्या कानावर विसंबत. पुष्कळ देशांचीं वाद्यें तपासून त्यांनीं निष्कर्ष काढला तो असा कीं, सर्व मनुष्यजातीस बांधणारें एकच सृष्टिसिद्ध सप्तक कोठेंही नाहीं. सप्तकें अनेक आहेत, आणि तीं मनुष्यांनीं घडविलीं आहेत.

पुढें ध्वनिमुद्रण व यंत्रमापन सुलभ झालें, तेव्हां गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे खरे स्वर मोजतां आले. १९६३ सालीं जयराजभॉय व स्टोन यांनीं उत्तर हिंदुस्थानी संगीतांतील स्वरस्थानांचें मापन प्रसिद्ध केलें. नामांकित कलावंतांचा गंधार त्यांनीं मोजला. तो सर्वांचा एका बिंदूवर नव्हता. एकाचा दुसऱ्यापासून भिन्न होता, आणि एकाच कलावंताचाही सर्वत्र तोच नव्हता. १९८२ सालीं मार्क लेव्ही यांच्या ग्रंथानेंही याच दिशेचा पुरावा दिला. म्हणजे ३८६ हें देवळांतील मूर्तीप्रमाणें अढळ स्थान नव्हे, आणि ४०० म्हणजे पाताळही नव्हे. गवयाचा स्वर हा बिंदु नसून लहानसें आंगण आहे. राग, मागचा-पुढचा स्वर व गाणाराची वृत्ति यांप्रमाणें तो त्या आंगणांत फिरतो. तंबोऱ्याशीं निवांत मिळून उभें राहावयाचें असेल तेव्हां तो स्वयंभू गंधारावर येतो. चालत्या तानेंत त्याची तशी प्रतिज्ञा नसते.

ही साक्ष जमेस धरली म्हणजे निकाल निराळा लागतो. पेटीचा मुख्य दोष तिचा गंधार चौदा सेंटांनीं चढा आहे हा नव्हे. तो दोष जिभा घांसून काढतां येतो, आणि कारागीर तो काढीतही आले आहेत, डॉ. विद्याधर ओक यांनीं आमच्या काळांत बावीस श्रुतींची पेटी पुनः सिद्ध केली आहे. मुख्य दोष असा कीं, पेटीस एका स्वरावरून दुसऱ्यावर वाहत जातां येत नाहीं. पट्टी दाबलेली असते किंवा सोडलेली. मधला प्रदेश तिला नाहीं. मींड, आंदोलन, गमक हें सर्व त्या मधल्या प्रदेशांतलें वैभव आहे. बारांचे बावीस केले काय आणि बावीसांचे सहासष्ट केले काय, पायऱ्या वाढतील. पायऱ्यांचा उतार होणार नाहीं. देवल-क्लेमेंट्स यांनीं पायऱ्या वाढविल्या, नभोवाणीनें जिनाच पाडला. उतार कोठें आहे तें दोघांनींही सांगितलें नाहीं. तो गळ्यांत आहे, सारंगींत आहे, वीणेंत आहे. आणि कुशल पेटीवाला मींडेच्या वेळीं हात आंखडून, भाता मंद करून, गवयास वाट मोकळी करून देतो, तेव्हां त्याच्या विवेकांतही आहे. हा विवेक शिकवितां येतो. हुकुमानें तो येत नाहीं, व अपूर्णांकानेंही येत नाहीं.

बंदीच्या समर्थनार्थ कान बिघडतो हें जें सांगितलें जाई, त्यांत मात्र तथ्य होतें. जें मूल तंबोरा न ऐकतां केवळ पेटीवर सा-रे-ग-म शिकतें, त्याच्या मनांत स्वर म्हणजे पट्टी असें ठसतें. त्यास स्वयंभू गंधार ऐकूं येत नाहीं, कारण तो ऐकण्याची त्याच्यावर कधीं वेळच आलेली नसते. परंतु याचा उपाय पेटी बंद करणें नव्हे. आधीं तंबोरा, मग पेटी, हा क्रम राखणें हा आहे. आणि दुसऱ्या पारड्यांत काय होतें तेंही तोललें पाहिजे. ज्या घरांत उस्ताद कधीं आला नसता, ज्या गांवीं सारंगिया मिळाला नसता, ज्या मुलींस गाणें शिकण्याची सवलत मोठ्या मिनतवारीनें मिळत असे, तेथें सुरांचा पहिला परिचय पेटीनेंच घडविला. ती विकत घेतां येत होती, रोज लावावी लागत नव्हती आणि पावसाळ्यांतही आपला सूर बहुधा सोडीत नव्हती. हा उपकार चौदा सेंटांहून लहान नाहीं. ज्यांच्या घरीं तंबोरेही होते आणि उस्तादही येत, त्यांनीं पेटीची निंदा केली. ज्यांच्या घरीं दोन्ही नव्हतें, त्यांस त्या निंदेचा अर्थ कळण्याइतकें गाणें मुळांत पेटीनेंच दिलें होतें.

हा जुना वाद उकरून काढण्याचें कारण तो संपलेला नाहीं हें आहे. १९९७ सालीं ऑटो-ट्यून नांवाची यंत्रयोजना बाजारांत आली. गाणाराचा स्वर ठरीव स्थानापासून ढळला कीं ती त्यास ओढून त्या स्थानावर बसविते. आणि तें स्थान बहुधा त्याच बारा समान भागांतलें असतें. पेटी बिचारी गळ्याच्या शेजारीं बसत असे. हें यंत्र गळ्याच्या आंत शिरलें आहे. पेटीच्या संगतींत चांगल्या गवयास आपला गंधार आपल्या जागीं ठेवतां येत होता. येथें त्यानें तो ठेवला तरी श्रोत्यांपर्यंत पोंचेलच असें नाहीं. विद्युत्-तंबोरा आज हरएक शिकाऊ गायकाच्या खोलींत आहे. तो नीट लावला तर हितकारक आहे, पण लावणारा कान आधीं हवा.

तेव्हां या इतिहासाचें तात्पर्य आम्हांस असें दिसतें. नादशास्त्रानें आमच्या संगीतास कोणताही स्वर दिलेला नाहीं व कोणताही काढून घेतलेला नाहीं. तें इतकेंच सांगतें कीं अमुक दोन नाद एकत्र झाले असतां सेकंदास इतके विस्पंद पडतील. ते सुखाचे कीं दुःखाचे, त्या क्षणीं हवे कीं नको, हा निवाडा त्याच्या हद्दीबाहेरचा आहे. भरतानें तो दोन वीणांमध्यें बसलेल्या कानाकडे सोंपविला होता. मिरजेचा कारागीर आजही तो दोऱ्यावर बोट ठेवून करतो. पेटी ठेवावी, यंत्रेंही ठेवावीं. पण ज्या घरांत मुलांस गाणें शिकवावयाचें आहे त्या घरांत रोज घटकाभर एक चांगला लागलेला तंबोरा झंकारत राहील, एवढी व्यवस्था तरी आपण करूं या. मग कोणत्या पट्टीचा गंधार खरा, हें त्या मुलांस कोणीं सांगावें लागणार नाहीं.